मागून मारलेली हाक

ती हाक अजून माझ्या कानात आहे, कारण ती मीच मारली होती.

आता मी पोलीस खात्यात नाही. तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. खुनाच्या गुन्ह्यातला एक आरोपी दोन वर्षं फरार होता. त्याची बायको आणि मुलगी नावं बदलून बारामतीजवळ पिंपळीत राहतात, अशी खबर आली. बाई स्वतःला विधवा म्हणवत होती, शिवणकाम करत होती.

ओळख पटवायला आमच्याकडे दोघींचा फोटो नव्हता. हवालदार म्हणाले, "मॅडम, पोरीला मागनं जुन्या नावानं हाक मारा. तुमी इंग्रजी शाळेतल्या, आवाज मऊ. आमी वरडलो तर पळंल ती."

शाळा सुटायच्या वेळी मी साध्या कपड्यांत रस्त्याकडेला उभी राहिले. मुलगी एकटीच आली. ती पुढे गेल्यावर मी हाक मारली. ते नाव इथे लिहिणार नाही.

ती वळली आणि चक्क हसली.

"तुमी आमच्या गावच्या का?"

दोन वर्षांत बाहेरच्या कुणी तिला त्या नावानं बोलावलं नसावं.

कायद्यानं बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन तिच्या खोलीवर गेले. ती मशीनवर शिवत राहिली. नवरा कुठे आहे, असं चौथ्यांदा विचारल्यावर मशीन थांबलं.

"तुमच्यापासनं लपलोय असं वाटलं व्हय? त्याच्यापासनं लपलोय आमी."

मग तिनंच सांगितलं, "कारखाना सुरू झाला की त्यो उसाच्या ट्रॅक्टरवर असतोय. दुसरं काय येतंय त्याला?"

चार दिवसांनी सोमेश्वरनगरला, ट्रॅक्टरच्या रांगेत तो सापडला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पण जबाब होईपर्यंत आमची जीप दोन तास तिच्या दारात उभी होती. शिवायला कपडे यायचे बंद झाले. आठवड्याभरात घरमालकाला खोली भावासाठी हवी झाली. त्यानंतर प्रत्येक तपासात मी जीप गावाबाहेर लावली. त्या दोघींना त्याचा काय उपयोग?

त्या निघाल्या तेव्हा मी बारामती स्टँडवर गेले. माफी मागायची होती. मुलगी शिवणयंत्राला धरून पाठमोरी उभी होती. मी त्याच नावानं हाक मारली.

तिची मान ताठ झाली. वळली नाही.

त्यांची पुढची नावं शोधणं मला अवघड नव्हतं. मी ती शोधली नाहीत.