विल्माला जाणारी सूचना

ओरुरो शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत पासवर्डची मुदत संपत आली की संगणक सांभाळणाऱ्या नेलिदाची सूचना यायची. आधी ती सरकारी भाषेत असे, आणि तिला कुणी भीक घालत नसे. मुदत टळली की मात्र सगळे नेलिदाच्याच डोक्यावर येऊन बसत. वैतागून तिने एकदा सूचना आपल्या बोलीत लिहून काढली आणि प्रत्येकाचं नाव सुरुवातीला आपोआप लागेल अशी सोय केली. नावापुढे मजकूर असा: "ये लवकर, कधीची वाट बघतेय. नाहीतर दार बंद होईल." लोक हसले, पण पासवर्ड वेळेवर बदलू लागले.

तिची धाकटी बहीण विल्मा त्याच कचेरीत बिलांच्या खिडकीवर बसायची. न्यूमोनियाने ती बघता बघता गेली. तिचं खातं लगेच बंद करायचा नियम होता. इतरांची खाती झटक्यात बंद करणाऱ्या नेलिदाचा हात तिथे धजावला नाही.

पुढची सूचना सगळ्यांबरोबर विल्मालाही गेली, आणि विल्माचा पासवर्ड बदलला.

कुणीतरी लबाडी करतंय म्हणून नेलिदाने सगळं तपासलं. एकाही बिलाला हात लागला नव्हता. बदल झाला होता विल्माच्या जुन्या संगणकावरून, आणि तो तर वायर गुंडाळून कपाटात ठेवलेला, किल्ली नेलिदाकडे. तरी ती कुणाला बोलली नाही, कारण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला आनंदच जास्त झाला होता. मग दर खेपेला सूचना जायची आणि दर खेपेला विल्मा येऊन जायची.

आमच्याकडे गेलेलं माणूस तीन वर्षं सर्व संतांच्या सणाला घरी जेवायला येतं. तिसऱ्या वर्षी त्याला कायमचं वाटेला लावायचं, आणि मग नाव घेऊन बोलवायचं नाही. विल्माच्या तिसऱ्या वर्षी आईने शेंगदाण्याचं सूप केलं, पावाच्या बाहुल्या मांडल्या आणि रीतसर विल्माला निरोप दिला. नेलिदाही रडली. सूचनांच्या यादीत विल्माचं नाव अजून आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी जेवताना आई म्हणाली, "विल्मा आली होती स्वप्नात. पाय सुजलेत तिचे. अर्ध्या वाटेतून परत यावं लागतं म्हणे. कोण बोलावतंय गं तिला?"

नेलिदा ताटात बघत म्हणाली, "स्वप्न आहे, आई."

"असेल. पण जो कोणी बोलावतोय ना, त्याला सांग. तिला चालवत नाही आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर नेलिदाने यादीतून विल्माचं नाव काढलं आणि खातं बंद केलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली: विल्मा, प्रवेश नाकारला. तिच्याखाली तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. कपाटाला कुलूप होतं. खातं उघडायला एक कळ पुरेशी होती, आणि नेलिदाचं बोट तिच्यावर गेलंही होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"जा बाई," ती म्हणाली. "मीच बोलावत होते. आता नाही बोलावणार."

ओळी थांबल्या. नेलिदा हमसून हमसून रडली. लहानपणापासून विल्मा तिचा शब्द मोडत नसे, आणि आजही तिने तो मोडला नव्हता.