नानाय सेलिंगचा उजवा हात

आमच्या इलोइलोच्या इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, लोक डॉक्टरांपेक्षा सेलिंगला जास्त घाबरत. नोकरी झाडलोटीची, पण रुबाब मुकादमाचा. लहानथोर तिला नानाय म्हणत, म्हणजे आई. सव्वीस वर्षांत तिनं कुणाची भीड ठेवली नाही. मी नर्स, पण माझेही हात ती रोज तपासायची, धुतलेले नसले तर सगळ्यांसमोर ओरडायची.

त्या जानेवारीत फ्लू शिरला. सोमवारी तीन नंबरच्या खाटेवरचा रोगी खोकू लागला, बुधवारी चार आणि पाच. गुरुवारी पाचची खाट रिकामी झाली. नऊवर सेलिंगचा नवरा ताक्यो होता, फुप्फुसं आधीच खिळखिळी. त्याला हा ताप झेपणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

"रोग्यापाशी एकच माणूस! खाटेखाली बिऱ्हाड मांडू नका!" ती दारात उभी राहून ओरडे. "मास्क नाकावर घे रे, हनुवटीला सर्दी झालीय का?"

रविवारी तिचा धर्मपुत्र रेनांते मनिलाहून आला. डोळे लाल, तोंडावर हात धरून खोकत.

"आत यायचं नाही. तुझंच अंग तापलंय."

"जातो, नानाय. आशीर्वाद तरी दे."

तो वाकला. आमच्यात वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावतात, आणि पुढं केलेल्या कपाळाला हात नाकारणं म्हणजे शापच. तिनं हात दिला. ज्या हातात तो खोकला होता त्याच हातानं त्यानं तिचा हात धरला.

तेवढ्यात ताक्यो आतून कण्हला, "सेलिंग, पाणी!"

ती धावली. हात धुवायच्या नळावरून तशीच पुढं गेली आणि त्याच बोटांनी तिनं त्याचे सुकलेले ओठ ओले केले. मी पाहत होते. तिला कोण शिकवणार, म्हणून माझी जीभ उचललीच नाही.

तिसऱ्या दिवशी ताक्यो तापानं फणफणला. मधल्या सहा, सात, आठला मात्र ताप नव्हता. सेलिंगनं त्या तीन खाटांकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. मला तेव्हा फार भीती वाटली.

ताक्यो गेला. त्याच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्यावर ती कामावर आली. तिचा हात कपाळाला लावायला मी सवयीनं वाकले. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तू पाहिलं होतंस ना?"

मी मान हलवली.

"मग ओरडली का नाहीस गं? मी तर तुझ्यावर रोज ओरडत होते."