मिशनच्या आवारातला नाताळ

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एकाच आवारात उमेदीची वर्षं काढली की ते आपोआप साचतात, कुंपणाशी वाळक्या पानांचा पातेरा साचतो तसे. मी रत्नागिरीला मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचो. शेंडी राखून, घरी संध्या करून. पादरीसाहेब आणि त्यांची मडम, दोघंही मनाचे चांगले. बिनसायचं ते एकाच गोष्टीवरून, नाताळवरून. मडमला तो तिच्या माहेरी असायचा तस्सा हवा. साहेब म्हणायचे, "देव माणूस झाला, तो हा दिवस. त्यात केक कुठून आला?"

केक दरवर्षी व्हायचाच. साहेब दोनदा मागून खायचे.

*

मडमच्या देशात म्हणे नाताळला घरात एक टोकदार पानांचं झाड उभं करतात. ते इथे कुठलं मिळायला? मग किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणली, कुंडीत रोवली आणि तिच्यावर सावरीचा कापूस पसरला. का, तर बर्फ! रत्नागिरीत बर्फ पडलेला पाहिलेला माणूस औषधाला सापडला नसता.

झाड बघायला पालक आले. त्यात एक आंब्याचे बागाईतदार होते. त्यांनी कुंडीभोवती सावकाश फेरी मारली, कापूस लांबूनच निरखला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, भुरी पडलीय हो झाडावर. मडमना सांगा, आत्ताच गंधक मारा. मोहोर हातचा जाईल."

*

एका वर्षी मडमने फादर ख्रिसमस काढला. आमचे ड्रिलमास्तर सावंत अंगापिंडाने भरलेले, म्हणून मान त्यांच्याकडे गेला. लाल लोकरी झगा, कापसाची दाढी, खांद्यावर पोतं. सावंत घामाने निथळत वर्गावर्गांतून पिपरमिटच्या गोळ्या वाटत फिरले. पोरं बेहद्द खूश.

जानेवारीत साहेबांनी बायबलच्या तासाला विचारलं, "नाताळ हा कोणाचा जन्मदिवस?"

सबंध वर्ग एका सुरात म्हणाला, "सावंत मास्तरांचा."

झगा त्याच दिवशी ट्रंकेत गेला.

*

नाताळच्या व्याख्यानाला गावातले वकील यायचे. विश्वासापेक्षा वादासाठी. साहेबांनी मोठ्या कळकळीने सांगितलं, की धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून प्रभू गोठ्यात जन्मला. व्याख्यान संपल्यावर एक म्हातारे वकील पान जुळवत म्हणाले, "साहेब, आमचा तुरुंगात जन्मला, तुमचा गोठ्यात. देवाला जागा मिळत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य दिसतं."

साहेब हसले नाहीत. "जागा आपण द्यायची असते," ते म्हणाले.

"अगदी बरोबर. फक्त केकचं टेबल मांडून झाल्यावर ती उरली पाहिजे."

हे साहेबांनी घरी जाऊन सांगितलं असावं. त्या वर्षी केक लहान होता.

*

एकदा नाताळच्या आधी मडम पेटीवर माहेरचं कसलंसं गाणं म्हणत होती. म्हणता म्हणता रडायला लागली. कुंपणापलीकडच्या बायकांनी ऐकलं आणि हातातली कामं टाकून आल्या. माझी बायकोही गेली. एकीनं हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"कोणी नाही," मडम म्हणाली. "नाताळ आहे."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग त्यातली वडीलधारी खाली बसत म्हणाली, "सण म्हटला की माहेर आठवतंच बाई." सगळ्या तिन्हीसांजेपर्यंत तिथेच बसल्या.

*

आता शेवटचा. शाळेचे उपदेशक दामोदरपंत. भिक्षुकाच्या घरात जन्मलेले, तरुणपणी ख्रिस्ती झाले. त्या दिवसापासून त्यांच्या आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई त्याच गावात राहायची, बाजाराच्या पलीकडे, एकटी. वाटेत समोर आली की पंत बाजूला होऊन उभे राहायचे. ती खाली बघून निघून जायची.

त्या वर्षी मडमने गणपती करणाऱ्याकडून मातीच्या बाहुल्या करवून घेतल्या होत्या. गोठा, बाळ, आई. मरियमचा चेहरा थेट गौरीचा. मिशनच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, व्हरांड्यात सगळं मांडलं. साहेबांना मूर्ती खपत नसत. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ते पंतांना "हे काढून टाका" म्हणून सांगत होते. मी तिथेच होतो. तेवढ्यात पायरीखाली विधवेचं तांबडं आलवण नेसलेली एक म्हातारी येऊन उभी राहिली. पंतांचा चेहरा पाहूनच मी ओळखलं, ही त्यांची आई.

तिने बाळाकडे बोट केलं. "हे पोर कुणाचं?"

"देवाचा पुत्र, आजी," साहेब म्हणाले.

"आणि ही आई?"

"हो. मरियम."

"मोठा झाल्यावर हिच्याजवळ राहिला?"

"नाही. देवाच्या कामासाठी घर सोडून गेला."

"मग हिचं कोणी केलं?"

साहेबांना सगळं शुभवर्तमान तोंडपाठ. तरी ते पंतांकडे वळले. उत्तर पंतांनी दिलं, जमिनीकडे बघत. "क्रुसावर असताना त्याने शिष्याला सांगितलं. ही तुझी आई. त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं."

"म्हणजे मरताना."

"हो."

म्हातारीने पदर पुढे ओढला आणि आली तशी निघून गेली. बाहुल्या काढायचं कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं, पण पंतांची जागा रिकामी होती. मडमने विचारलं, "पंत कुठे आहेत?"

"आईकडे."

"आज? नाताळच्या दिवशी?"

"आजच," साहेब म्हणाले आणि पहिल्या गीताचा आकडा सांगितला.