अक्काने उचललेली बाटली

आमच्या भावकीत आजही सांगतात की माझ्या बायकोचा डोळा कानबाईच्या नवसाने वाचला. त्या दिवशी घरात असणाऱ्यांपैकी आता मीच उरलो आहे, म्हणून सांगतो: ते खोटं आहे.

आमचं गाव नरडाण्याजवळ. बायकोच्या कोपरांवर, डोक्यात पांढरे पापुद्रे धरत. गावातल्या बायका तिच्या हातचं पाणी घेत नसत. श्रावणात तिचा उजवा डोळा लालबुंद झाला, उजेड सोसेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी पापुद्रे आणि डोळा दोन्ही पाहिलं. म्हणाले, "कातडीचाच आजार डोळ्यात उतरलाय. हा महारोग नाही, कुणाला लागतही नाही. या थेंबांनी बाहुली मोठी होईल, जवळचं अंधुक दिसेल. घाबरून बंद करू नका. बाहुली आत चिकटली तर नजर जाईल."

घरी कानबाई, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, बसली होती. तिच्या प्रसादाचे रोट खाऊन संपेपर्यंत औषधाला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. तरी बायको थेंब घालत राहिली. मग एका दुपारी तिला सुई ओवता येईना.

माझी थोरली विधवा बहीण, अक्का, हसली. "डागदरनं पानी टाकीसन आंधळी व्हयनी! दोरा तरी दिसस का तुले?" आणि थेंबांची बाटली उचलून कमरेला खोचली. "रोट सरू दे. देवीले राग येस."

मला डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. मी दारातच पायातला काटा शोधत बसलो. काटा नव्हताच.

बायको उठली. भरल्या घरात, पाव्हण्यांसमोर, अक्काच्या कमरेची बाटली तिने ओढून काढली.

"कानबाई मन्ही माय शे, अक्का. माय कधी पोरना डोया मागस का?"

"जीभ पाहा हिनी!"

"जीभ पाहा, नहीतर डोया पाहा. मी औषध टाकसू."

ती देवीसमोरच मान वर करून बसली. दोन थेंब गालावर गेले, तिसरा डोळ्यात पडला. मी पुढे झालो नाही. तिने मला बोलावलंही नाही.

डोळा वाचला. नंतर अक्काने त्या डोळ्यासाठी बोललेला नवस फेडला, गावजेवण झालं, आणि पंगतीत सगळ्यांच्या माना देवीकडे वळल्या. मी भात वाढत पुढे सरकलो.

कुणाला राग येणार असेल तर येऊ दे. तो डोळा तिने स्वतः वाचवला, आमच्या सगळ्यांच्या विरोधात. त्या सगळ्यांत मीही होतो.