परत न आलेली थाळी

आधीच कबूल करतो, या प्रकरणात कुणाच्या हातून गुन्हा घडला असेल तर तो माझ्या. कथलाची ती जुनी थाळी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

२०१० नंतरची ती वर्षं. जर्मनीत नेकारसुल्मच्या बाजूला पुण्याकडचे इंजिनिअर भराभर येत होते. माझ्या बायकोलाही तिकडच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मी पोलीस निरीक्षक होतो. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिच्यामागे गेलो.

घर मिळालं ते तिथल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या, जुन्या गावात. आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण डोळ्यांपुढे आणा. एकाच चौकाभोवती नगरपालिका, न्यायालय, पोलीस ठाणं, आठवड्याचा बाजार. फक्त इथे हे सगळं शतकानुशतकं जागचं हललेलं नाही. लाकडी चौकटींची घरं एकमेकांना खांदा देऊन उभी, वेशीवर बुरूज, त्याच्या कमानीखालून शाळेला जाणारी पोरं. आसपासच्या आपल्या लोकांना हे गाव व्हिसाच्या रांगेपुरतंच माहीत, कारण परदेशी लोकांची कचेरी इथेच. मी मात्र खुळावलो होतो. गस्त घालावी तसा रोज गल्ली न् गल्ली पालथी घालायचो.

आमच्या घरात तळमजल्यावर एक जर्मन आजी राहायच्या. त्यांचा मुलगा आमचा घरमालक. वरच्या मजल्यावर आम्ही. मधल्या मजल्यावर नुकतंच एक मराठी जोडपं आलं होतं. तो मोटारीच्या कारखान्यात, अजून प्रोबेशनवर. सोबत त्याची आई, छातीत दुखल्यामुळे दवाखान्यात राहून नुकत्याच घरी आलेल्या.

एका गुरुवारी संध्याकाळी घरमालक माझ्या दारात. पोलिसांच्या भाषेत, हीच पहिली खबर. नव्या बिऱ्हाडाला पाव आणि मीठ द्यायची तिकडे रीत आहे. आजींनी ते आपल्या घराण्याच्या कथलाच्या थाळीतून दिलं, आणि थाळी परत आलीच नव्हती. रविवारी गावाचा सण होता. चौकात लांबलचक टेबल मांडतात आणि प्रत्येक जुनं घराणं आपली थाळी त्यावर ठेवतं. थाळी नसेल तर त्या घराची रिकामी जागा अख्ख्या गावाला दिसते.

"आईनं दोनदा मागितली. ते नुसतं नंतर, नंतर म्हणतात," घरमालक म्हणाला. "हे बघा, तुम्ही पोलीस होतात. त्यांची भाषा तुमचीच. विचारा. नाहीतर मी उद्या तक्रार देतो आणि घर रिकामं करायला सांगतो."

प्रोबेशनवरच्या परदेशी माणसावर चोरीची तक्रार म्हणजे काय, हे मला कळत होतं. पण खरं सांगतो, मला आनंद झाला. अंगावर पुन्हा वर्दी चढल्यासारखं वाटलं.

बायको म्हणाली, "अहो, शेजारी आहेत ते. सरळ थाळी मागा आणि या."

"चौकशीची एक पद्धत असते," मी म्हणालो.

ती पद्धत अशी, की आपण काय शोधतोय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. खिडकीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर पडतो. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात तसाच बसलो. नवरा कारखान्यात होता. सूनबाईंनी चहासाठी साखर काढायला कपाट उघडलं, आणि पिठाच्या डब्यामागे मला थाळीची कड दिसली. मुद्देमाल सापडला होता.

"ताई, खालच्या आजींचं काही तुमच्याकडे आहे का?"

"हो, ताट आहे."

"मग लपवलंय का?"

तिनं शेजारच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. सासूबाई तिथेच पडल्या होत्या.

"पुढच्या आठवड्यात देते, काका."

"आज का नाही?"

"पुढच्या आठवड्यात देते."

मी आवाज चढवला. दुसऱ्याच्या घरातली वस्तू दाबून ठेवणं याला कायद्यात काय म्हणतात, तेही ऐकवलं. ती खाली बघत राहिली. रविवारच्या सणाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, असा माझा नोकरीभरचा समज. तसाच खाली उतरलो आणि घरमालकाला सांगितलं, "थाळी त्यांच्याकडेच आहे, आणि ते देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना झाडत होतो. तिकडे दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाची पाळी असते. मधल्या मजल्याचं दार उघडलं आणि सासूबाई उंबऱ्याशी आल्या.

"साहेब लोकही झाडू मारतात होय?"

"इथे सगळेच मारतात, आजी. बरं वाटतंय का?"

"मला काय धाड भरलीय. काल तुम्ही त्या ताटाचं बोलत होतात ना, ऐकलं मी. रोज सांगते हिला, शेजारणीचं ताट रिकामं पाठवायचं नसतं. चार करंज्या तळ आणि दे. तर आज करू, उद्या करू. मेलं ताटच कुठे ठेवलंय, दिसत नाही. देवापुढे निरांजनसुद्धा लावत नाही आताशा. म्हणे, छताला तो धुराचा भोंगा आहे ना, तो वाजतो."

मी झाडू भिंतीला टेकवला. तोच भोंगा आमच्याही छताला होता, आणि बायको त्याच्याखाली रोज निरांजन लावायची. तो एकदाही वाजला नव्हता. सून खोटं बोलत होती, पण माझ्याशी नाही, सासूशी. देवापुढे दिवा नाही, घरातून गोडधोड बाहेर जात नाही. मी दोन जिल्ह्यांत तपास केला, आणि मराठी घरातली ही खूण मला वाचता आली नव्हती.

सूनबाईंना जिन्यात बोलावून हळूच विचारलं, "घरात कुणी गेलंय का?"

तिचे डोळे भरले. "यांचे धाकटे काका, आईंचे दीर. कराडला. आईंनी लेकरासारखं वाढवलंय त्यांना. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. सुतक फिटलं की करंज्या करून ताट देणार होते. आईंनी सारखं विचारू नये म्हणून कपाटात ठेवलं. त्यांच्यासमोर तुम्हाला काय सांगू?"

"आजींना ते रविवारी सणाला हवंय."

"मग काल सांगायचंत ना, काका. रिकामं तर रिकामं, तेव्हाच दिलं असतं."

सूनबाई आत जाऊन थाळी घेऊन आली. बायको वरून सगळं ऐकत होती. तिनं आमच्या डब्यातले बेसनाचे लाडू थाळीत रचले आणि थाळी माझ्या हातात दिली. "पळा आता, घरमालक ठाण्याकडे गेलेत."

मी पळालो. चौकात टेबलं जोडायचं काम चाललं होतं, माणसं शिड्यांवर चढून पताका लावत होती, आणि मी लाडू सांभाळत त्यांच्यामधून धावत होतो. ठाण्यात घरमालक टेबलापाशी बसलेला, समोरच्या अंमलदाराची बोटं कीबोर्डवर. मी थाळी दोघांच्या मधे ठेवली आणि मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. दुखवटा, आजारी आई, रिकामं भांडं न पाठवायची रीत. शेवटी म्हणालो, "माझी माहिती चुकीची होती. मीही पोलीस होतो, मला हे समजायला हवं होतं."

अंमलदारानं घरमालकाकडे पाहिलं. "तक्रार लिहू?"

घरमालकानं थाळी स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "आई म्हणेल, आधी त्यांच्याकडे भेटायला का गेला नाहीस." आणि उठला.

रविवारी थाळी टेबलावर होती. आजींनी शेजारी मधल्या मजल्याच्या बिऱ्हाडासाठी खुर्ची ठेवली होती. सुतकामुळे ते आले नाहीत, आणि का आले नाहीत हे आजींना आता ठाऊक होतं.

गप्प बसलेला माणूस पुष्कळदा स्वतःला नाही, दुसऱ्याला वाचवत असतो. हे मी नोकरी सोडल्यावर शिकलो. माझ्यासमोर गप्प बसलेली किती माणसं मी दोषी धरली असतील, हा विचार आजही झोपू देत नाही.

घरमालकाची माफी मी त्याच दिवशी मागितली, सूनबाईंच्या नवऱ्याचीही. तिची नाही. जिची चौकशी केली तिच्यापुढे वाकायची आमच्या खात्यात सवय नसते. जिन्यात भेटलो की हवेबद्दल बोलायचो. सासूबाईंना मुलानं सगळं सांगितलं, त्या सावरल्या, भारतात परतल्या, तरी माझं तोंड उघडलं नव्हतं.

एका शनिवारी बाजारात ती भाजी घेत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"ताई, त्या दिवशी तुमच्या घरात दुःख होतं आणि मी तुम्हाला चोर ठरवलं. तुमच्यावर ओरडलो. खालीही तसंच सांगितलं. शेजारी म्हणून एक शब्द विचारला असता तर तुम्हाला ते सोसावं लागलं नसतं. चूक माझी होती. मला माफ करा."