समाधान करवा आवजो

बाबा कामाला होते ती बडोद्याच्या गोरव्यातली फॅक्टरी बंद पडली. सकाळचाच स्वयंपाक संध्याकाळी पुरवायचा. त्या दिवसांत बाबांनी एका शेडमधून तांब्याची तार उचलली. पकडले गेले. शेडच्या शेठचा निरोप आला, "समाधान करवा आवजो."

आई म्हणाली, "समाधानाला बोलावलंय ना, मग रागावणार नाहीत." बडोद्यात जन्म गेला, तरी तिचं गुजराती भाजीवालीपुरतं. गुजरातीत समाधान म्हणजे मिटवामिटवी; शेठनं ती करायला बोलावलं होतं. आईनं मराठीतलं ऐकलं.

अंगणात शेठ खुर्चीवर, कामगार गोल उभे. मी दहावीत. बाबांचा शर्ट मागून घट्ट धरलेला.

"आवो सरदार. दादा राजानी फोजमां हता ने? चालो, नाक रगडो." बाबांचे आजोबा राजाच्या फौजेत होते, त्यावरून शेठचा हा टोमणा.

बाबा वाकले. सिमेंटवर नाक घासलं. लोक हसले.

"बस, थई गयुं समाधान."

नाकाची साल निघाली होती. उन्हाळ्यात बाबांनी त्याच शेडमध्ये पुन्हा चोरी केली. आई रडत विचारत राहिली, का? म्हणाले, "नाक घासलं की मिटतं ना?"

या वेळी केस झाली. तारखा पडत राहिल्या. बाबा जामिनावर. ते चप्पल घालायला लागले की मी दाराशी जाऊन उभी राहायची. कुठे चालले? परत तिथेच? कॉलेजात बसून मी हाच विचार करायची.

बी.ए. झाले. घरात पहिली. आणि पुन्हा तोच निरोप.

बाबा निघाले. मी बरोबर गेले. तेच अंगण. शेठनं जमिनीकडे बोट केलं.

"नाही घासणार," मी म्हटलं. शेठ बिघडला तर बाबा आत, एवढं कळत होतं. "ते खुर्चीवर बसतील. काय केलं ते तोंडानं सांगतील. आणि रामजीकाकांना बोलवा." रामजीकाका तिथले चौकीदार. चोरीत सामील म्हणून त्यांची नोकरी गेली होती.

"बहु भणी गई?" फार शिकलीस का, असं शेठ विचारत होता.

"हो. भणले."

शेठही तारखांना कंटाळला असावा. खुर्ची आली. काका आले, समोर बसले.

"भाई, मारो दीकरो पण मने चोर कहे छे," काका बाबांना म्हणाले. त्यांचा मुलगाही त्यांना चोर म्हणत होता.

बाबांची मान खाली.

"वर बघा, बाबा."

त्यांनी बघितलं. "तार मी नेली. तुम्हाला काही माहीत नव्हतं." मग काकांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलासमोर, हेच बोलले. शेठनं केस मिटवली.

चप्पल वाजली की अजून मी दचकते. पण आमच्या घरातलं नाक कुणापुढे जमिनीला लागू देणार नाही. चूक झाली, तर ज्याचं नुकसान केलं त्याच्या समोर बसून सांगायची.

बाबांनी त्यानंतर चोरी केली नाही.