सगळ्यांना उघडा फोल्डर

हिच्या पायाला भिंगरी आहे, असं वहिनीच्या सासूबाई तिच्याबद्दल म्हणायच्या. एका हॉस्पिटलमधले कॉम्प्युटर ती सांभाळायची, आणि गॅस बंद केलाय की नाही, हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतायची.

एकदा जेवताना धाकटी नणंद सहज बोलून गेली, की समोरच्यांच्या सुनेचं मूल पोटातच गेलं. नणंद त्याच हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तुला कुणी सांगितलं, असं वहिनीने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? स्क्रीनवर दिसतं की."



दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने सर्व्हरवर पाहिलं. रिपोर्टांच्या अख्ख्या फोल्डरला 777 दिलेलं, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही बदला. कधीतरी कुणाचं काम अडलं असेल आणि कुणीतरी सगळ्यांनाच मोकळं रान दिलं असेल. तिला धीर धरवेना. कुणाला न विचारता तिने chmod -R 640 अशी कमांड दिली. आता डॉक्टरांच्या गटाला वाचता येईल, बाकीच्यांना काहीच दिसणार नाही.

पाचेक मिनिटांत फोन खणखणू लागले. डॉक्टरांनाही रिपोर्ट उघडेनात, सर्जन ऑपरेशन थांबवून बसलेले. ती खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. मग डोक्यात प्रकाश पडला. फाइल वाचायची परवानगी राहिली होती, पण फोल्डरमध्ये शिरायला x हा वेगळा परवाना लागतो, तोच तिने घाईत काढून घेतला होता. तिने फक्त फोल्डरांना तो परत दिला. फोन थांबले. सर्जननी झापलं, ते तिने निमूट ऐकून घेतलं.

संध्याकाळी नणंद घुश्शातच होती; तिच्या स्क्रीनवर आता रिपोर्ट उघडत नव्हते. "माझ्यावर विश्वास नाही ना तुझा?"

"त्या सुनेला कुणी विचारलं होतं का गं?"

त्यावर नणंदेने अबोला धरला, तो चांगला लांबला.

मग नणंदेच्याच छातीत गाठ लागली. तपासणी झाल्यावर ती वहिनीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझा रिपोर्ट कोण बघू शकतं?"

"तुझे डॉक्टर. आणि मी. सर्व्हर माझ्याकडे असतो, मला सगळंच उघडतं."

"नको बघूस. मीच सांगेन."

रिपोर्ट आला त्या दुपारी वहिनीची बोटं की-बोर्डवर टेकत आणि मागे येत. शेवटी स्क्रीन बंद करून ती मजल्यामजल्यावरचे धडधाकट प्रिंटर तपासत हिंडली. नणंदेने तिला तिथेच गाठलं आणि स्वतःच सांगितलं. गाठ साधी निघाली होती. वहिनीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.